तिचे नाव कॅथरिन

(मंडळाच्या वाचनवर्गात केलेले भाषण)



डोरोथी ईडन यांची ‘नेव्हर कॉल इट लव्हिंग’ ही १९६६ सालची इंग्रजी कादंबरी आपल्या कपाटात ठेवावी की नाही, यावरून मागच्या बैठकीत थोडी बोलाचाली झाली. “एका पुढाऱ्याचे दुसऱ्याच्या बायकोशी असलेले संबंध, हे का आपण लेकीसुनांना वाचायला द्यायचे?” असा प्रश्न निघाला. पुस्तक मी आणलेले, तेव्हा उत्तरही मीच द्यावे असे ठरले.

पुढारी म्हणजे आयर्लंडचे चार्ल्स स्ट्युअर्ट पार्नेल. लोकमान्यांनी आणि बेझंटबाईंनी १९१६ साली आपल्याकडे होमरूल लीग काढल्या, तो ‘होमरूल’ शब्द मूळचा आयर्लंडचा. पार्नेल स्वतः जमीनदार, पण कुळांच्या बाजूने लँड लीगचे अध्यक्ष झाले, तुरुंगात गेले. १८८६ साली पंतप्रधान ग्लॅडस्टन यांनी आयर्लंडच्या स्वराज्याचे बिल मांडले ते त्यांच्याच जोरामुळे. बिल पडले, पण पार्नेल यांचा शब्द तिकडे शेवटचा मानला जाई.

कॅप्टन ओशे हे पार्लमेंटचे सभासद. त्यांच्या पत्नी कॅथरिन. पार्नेल जेवणाचे बोलावणे स्वीकारीनात, म्हणून १८८० च्या जुलैत त्या पार्लमेंटच्या आवारात त्यांना गाठायला गेल्या, आणि तिथून सारे सुरू झाले. पती-पत्नी तेव्हा बहुतेक वेगळीच राहत. मग काडीमोड का घेतला नाही? इथे मला कादंबरी फार खरी वाटली, कारण उत्तर इस्टेटीत आहे. कॅथरिनबाईंच्या वृद्ध, श्रीमंत मावशीच्या पैशावर घर चाले, आणि त्या जुन्या वळणाच्या बाईंना कोर्टकचेरीची अब्रू सोसली नसती. सगळेच मावशीबाईंच्या डोळे मिटण्याची वाट पाहत होते म्हणा ना. १८८९ साली त्या गेल्या. पैसा एकट्या कॅथरिनबाईंना ठेवून गेल्या. नातेवाइकांनी मृत्युपत्रावर हरकत घेतली, आणि त्याच डिसेंबरात कॅप्टनसाहेबांनी घटस्फोटाचा दावा लावला. नऊ वर्षे त्यांना काहीच ठाऊक नव्हते, यावर ज्याने त्याने विश्वास ठेवावा.

मधल्या काळातली एक गोष्ट सांगते. १८८२ च्या फेब्रुवारीत कॅथरिनबाईंना मुलगी झाली, तेव्हा पार्नेल डब्लिनच्या किल्मेनहॅम तुरुंगात होते. एप्रिलमध्ये भाच्याच्या अंत्ययात्रेसाठी त्यांना काही दिवस सोडले. त्या सुटीत ते मुलीला पाहू शकले, आणि त्याच दिवसांत ती गेली. जगाच्या लेखी मुलगी कॅप्टनची. बापाला रडायचीही चोरी, आणि आईला कोणासमोर कोणासाठी रडावे याचा हिशेब. हे वाचताना मला पुस्तक खाली ठेवावे लागले.

१८९० च्या नोव्हेंबरात खटला चालला. पार्नेल यांनी बचाव केलाच नाही, आणि कॅथरिनबाईंच्या वकिलांनीही साक्षीदारांची उलटतपासणी घेतली नाही. स्वयंपाकीणबाईने पार्नेल दोराच्या शिडीने खिडकीतून उतरून गेल्याचे सांगितले, आणि ती शिडी गावोगावच्या तमाशाघरांत विनोदाला मिळाली. लोकांनी बाईंचे नाव ‘किटी’ पाडले. त्या काळी सैल वागणुकीच्या बाईला हिणवून म्हणायचा तो शब्द. पार्नेल त्यांना केटी म्हणत, क्वीनी म्हणत. किटी कधी नाही. पण आजही पुस्तकांतून तेच नाव छापतात.

आता माझी गोष्ट. आम्ही पूर्वी ज्या चाळीत राहत होतो तिथे एक बाई होत्या. त्यांनाही आम्ही असेच एक नाव ठेवले होते. ते नळावर माझ्याही तोंडून गेले आहे. एका संक्रांतीला मी हळदीकुंकवाचे बोलावणे करीत निघाले आणि त्यांचे दार टाळून पुढे गेले. दार उघडे होते. त्या तांदूळ निवडीत होत्या. मान वर करून पाहिले आणि पुन्हा निवडू लागल्या. पुढे त्या खोली सोडून गेल्या. त्यांचे खरे नाव काय होते, हे पुस्तक वाचताना आठवायचा मी पुष्कळ प्रयत्न केला. आठवत नाही.

पार्नेल यांना मी निर्दोष म्हणणार नाही. आपण यातून निष्कलंक बाहेर पडू, असा दिलासा त्यांनी मायकेल डॅव्हिटसारख्या सहकाऱ्यालाही दिला होता. तो खोटा ठरला, पक्ष त्या डिसेंबरात फुटला आणि स्वराज्याचे काम मागे पडले. त्याचे खापर मात्र एकट्या बाईवर फुटले. कादंबरीतही एक उणीव आहे: ज्या कुळांसाठी हा माणूस लढला ती फार लांब राहतात.

१८९१ च्या जूनमध्ये दोघांनी लग्न केले. ऑक्टोबरात पार्नेल वारले. वय अवघे ४५. डब्लिनच्या अंत्ययात्रेला बाई गेल्या नाहीत. आयर्लंडच्या भूमीवर त्यांनी कधी पाऊल ठेवले नाही. त्या १९२१ पर्यंत जगल्या, आणि १९१४ साली त्यांनी आपली हकीकत स्वतः लिहून काढली.

पुस्तकाला मी खाकी कागदाचे वेष्टन घातले आहे, वर नाव ठळक अक्षरांत लिहिले आहे. ज्यांना हवे असेल त्यांनी शनिवारी घेऊन जावे. ज्यांना इंग्रजी जड वाटेल त्यांनी दुपारी माझ्याकडे यावे, मी वाचून मराठीत सांगत जाईन. सुनांनाही घेऊन या.