आषाढातलं नवं पाणी

(कळंबा येथील वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



वसंत व्याख्यानमाला हीसुद्धा आता एक ऋतुपरंपरा झाली आहे. पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 साली ती सुरू केली आणि तेव्हापासून उन्हाळा आला की गावोगावी लोक संध्याकाळी ऐकायला जमतात. आज सणांच्या इतिहासावर बोलायचं आहे, पण दिवाळी-दसऱ्याकडे मी जाणार नाही. कॅलेंडरात लाल रंगात न छापलेल्या दोन दिवसांबद्दल बोलणार आहे.

आधी लाल रंगाबद्दल थोडं. आपल्या बँकांना सुट्टी मिळते ती 1881 च्या एका कायद्यानं. तो कायदा मुळात हुंडी-चेकचा. रविवारची सुट्टी गिरणी कामगारांना मिळाली ती 10 जून 1890 रोजी, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळं. रविवार हा खंडोबाचा वार, आपल्या जोतिबाचाही. रविवारी जोतिबाचे खेटे घालायला वाडी रत्नागिरीला चालत जाणाऱ्याला ही सुट्टी नुसता अर्ज करून मिळालेली नाही, भांडून मिळालेली आहे, एवढं त्यानं लक्षात ठेवावं.

आता त्या दोन दिवसांतला पहिला, बेंदूर. विदर्भ-मराठवाड्यात पोळा श्रावण अमावास्येला. आपल्या कोल्हापूरकडं मात्र बैलाचा सण त्याच्या कितीतरी आधी, आणि तोही दोनदा. ज्येष्ठ पौर्णिमेच्या सुमारास कर्नाटकी बेंदूर, आणि महिन्याभरानं आषाढात महाराष्ट्रीय बेंदूर. कागल, गडहिंग्लजकडं पहिला, इतरत्र दुसरा, आणि काही गावांत शेजारी-शेजारी दोन्ही. देव तोच, बैल तोच, मग तारखा वेगळ्या का? माझ्या मते त्या पावसानं ठरवल्या. आपल्याकडं रोहिणीत धूळवाफेवर भात पडतं, मृग लागला की पेरण्या उरकतात. विदर्भात डवरणी श्रावणापर्यंत चालते, म्हणून तिथं बैलाला उसंत उशिरा. ज्या मुलखात बैलाचं काम जेव्हा थांबतं, तेव्हा त्याचा सण.

खांदेमळणी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे सांगावं लागणार नाही. आदल्या दिवशी बैलाच्या मानेवर, जिथं जू बसून कातडी घट्ट झालेली असते, तिथंच हळद-तेल लावून हातानं चोळतात. सजावट दुसऱ्या दिवशी: शिंगांना हुरमुंज, गळ्यात घुंगरं, मग कर तोडणं. पण सणाचा पहिला हात लागतो तो श्रम झाले त्या जागेला. आज नांगरट ट्रॅक्टरनं होते, कळंब्यात तर शेतांवर अपार्टमेंट उभी राहिली. तरीही मातीची बैलजोडी आणून घराघरात पूजा होते. याला मी नुसती सवय म्हणणार नाही. हे ऋण मानणं आहे.

दुसरा दिवस म्हणजे त्र्यंबोलीची, आपल्या टेंबलाईची, आषाढी यात्रा. अश्विनात ललिता पंचमीला अंबाबाईची पालखी टेंबलाईच्या टेकडीवर जाते, कुमारिकेच्या हातून कोहळा फुटतो, ते सर्वांना माहीत आहे. आषाढातली यात्रा मात्र पूर्णपणे गल्लीची. मंगळवारी किंवा शुक्रवारी, पी-ढबाकच्या सुरावर, मुली-बायका डोक्यावर कलश घेऊन पंचगंगेचं नवं पाणी टेकडीवर नेतात आणि देवीला वाहतात. मग गल्लीत जेवणावळी. पुढाकार तालमीचा असतो, मंडळाचा असतो, सरकारचा नसतो.

नवं पाणीच का? पहिल्या पुराचं पाणी तांबडं, गढूळ. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती सगळ्या रानांतली घाण घेऊन प्रयागला एकत्र येतात. तेच पाणी प्यायचं, आणि तेच पोटात गेलं की पटकीची साथ. पटकी पाण्यातून पसरते हे लंडनच्या जॉन स्नो या डॉक्टरनं 1854 साली एका पंपाजवळ दाखवून दिलं. गल्लीतल्या बाईला हे कुणी शिकवलं नव्हतं, पण भीती नेमकी कुठून येते ते तिला कळलं होतं. म्हणून ती घरात भरण्याआधी ते पाणी देवीपुढं ठेवत असावी. हैदराबादेत आषाढातच बोनालू होतो, आणि त्याच्याही कथेत साथ आहे. दख्खनभर आषाढ देवीचा आहे, याला मी योगायोग मानत नाही.

इथं कळंब्याचा संबंध येतो. कोल्हापूर शहराला नदीऐवजी दुसरं पाणी मिळावं म्हणून संस्थानकाळात हा तलाव बांधला गेला. कात्यायनीच्या डोंगरातून येणारे ओढे अडवले, आणि पाणी उताराउतारानं, पंप न लावता, मंगळवार पेठेतल्या पाण्याच्या खजिन्यापर्यंत गेलं. त्या भागाला आपण अजून ‘पाण्याचा खजिना’ म्हणतो. ज्या भीतीपोटी बायका कलश घेऊन टेकडी चढत होत्या, त्या भीतीवरचा एक उतारा तुमच्या गावच्या शिवारात आहे. त्र्यंबोलीचं पाणी आणि कळंब्याचं पाणी ही एकाच इतिहासाची दोन पानं आहेत, असं मला मनापासून वाटतं.

आणि म्हणूनच सांगताना जीव तुटतो, की आज पंचगंगेत मैलापाणी मिसळतं, आणि तलावाच्या काठाला प्लास्टिक येऊन साचतं. देवीपुढं नेण्याजोगं पाणी उरलं नाही, तर पी-ढबाक वाजवून काय उपयोग? गणपती विसर्जनासाठी कोल्हापूरकर इराणी खणीकडं वळले, हे चांगलं झालं. तेवढीच समज आषाढालाही हवी.

माझी विनंती एवढीच आहे. बेंदूर आणि आषाढ तोंडावर आले आहेत. तुमच्या गल्लीची यात्रा कोणत्या वारी निघते, पहिला कलश कोण उचलतं, पूर्वी पाणी कुठल्या घाटावरून भरत, हे घरातल्या आजीला विचारून वहीत उतरवा. अशा वह्या वाचनालयात एकत्र ठेवता येतील. आणि यात्रेच्या आधीच्या रविवारी सकाळी प्रत्येक मंडळानं आपली दहा-वीस पोरं तलावाच्या काठावर कचरा उचलायला पाठवावीत. कुठल्या मंडळानं कुठली बाजू घ्यायची ते आज इथून उठण्याआधी ठरवू या.