वसईचा गोठा: पेंढा, गोणपाट आणि आरशाचा तुकडा

आज बोलूया अशा एका कलेबद्दल, जिच्यासाठी आर्टच्या दुकानात जावं लागत नाही. सामान काय? पेंढा, गोणपाट, जुने पेपर, लाकडाचा भुसा आणि मूठभर नाचणी. विषय आहे आपल्या वसईतला नाताळचा गोठा.

डिसेंबरात पापडी, गिरीज, नंदाखाल, आगाशी, कुठंही चक्कर मारा. घराघरात, नाक्यानाक्यावर पोरं कामाला लागलेली असतात. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा करायचा, खाकी कागद चुरगळून, खळीत बुडवून त्यावर चढवायचा. सुकला, रंग मारला की झाला डोंगर! भुसा रंगवून पसरला की पायवाट. नाचणी रात्रभर भिजवून ट्रेमधल्या मातीत पेरली की आठ-दहा दिवसांत हिरवंगार शेत. आणि आरशाचा तुकडा ठेवला की बावखल.

दिवाळीत किल्ल्यावर अळीव पेरणाऱ्यांना हे नवीन नाही. युक्ती तीच, देखावा वेगळा.

याची सुरुवातही साध्याच वस्तूंनी झाली बरं का. १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावात असिसीकर संत फ्रान्सिस यांनी ख्रिस्तजन्माचा देखावा उभा केला. त्यात गवत भरलेली गव्हाण होती, जिवंत बैल आणि गाढव होतं. येशू गरिबीत जन्मला, हे लोकांना डोळ्यांनी दिसावं, एवढाच हेतू. पुढे नेपल्सच्या कारागिरांनी गोठ्याभोवती फळवाले, खानावळी, अख्खा बाजार मांडला. म्हणजे दाखवायचं होतं बेथलेहेम, पण मांडलं स्वतःचंच गाव.

वसईनंही तेच केलं. आपल्याकडच्या गोठ्यात कौलारू घर असतं, रहाट असतो, केळीची बाग असते, लाल लुगड्यातली बाई असते. बेथलेहेममध्ये कुठून आल्या केळी? पण बघणाऱ्याला ते खटकत नाही, कारण ते त्याचं गाव आहे.

आता मुद्द्याचं. मध्यंतरी थर्माकोल आला. हलका, स्वस्त, कापायला सोपा. २०१८ मध्ये राज्य सरकारनं सजावटीच्या थर्माकोलवर बंदी घातली. पण आता तयार गोठा डब्यातून मिळतो. दहा मिनिटांत मांडून मोकळे! सोय आहे, नाकारत नाही. पण त्या डब्यात रहाट नसतो, बावखल नसतं. तो गोठा वसईचा की आणखी कुठला, काही कळत नाही.

दुसरीकडे, भातशेतीच्या जागी टॉवर उभे राहिले, तिथं पेंढा आणायचा कुठून? बावखलं, म्हणजे बागायतीला पाणी देणारी, विहिरी जिवंत ठेवणारी आपली गोड्या पाण्याची तळी, त्यातली कितीतरी बुजवली गेली. आरशाचं बावखल चमकतं, पण त्यानं विहिरीला पाणी येत नाही.

म्हणून गोठ्याकडे नुसती सजावट म्हणून बघू नका. आपल्या आसपास काय आहे आणि काय संपत चाललंय, याची ती दरवर्षीची मोजणी आहे.

तर या डिसेंबरात एक करा. धर्म कुठलाही असो, घरातल्या आणि आवारातल्या वस्तूंतून आपलं गाव मांडा. रहाट कसा फिरायचा, हे आजी-आजोबांना विचारा. ते सांगतील ते फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. आणि गावात एखादं बावखल उरलं असेल, तर आधी ते बघून या. मग आरसा ठेवा.

भेटू पुढच्या भागात. ऐकत राहा!