रक्त येत नाही म्हणजे हिरडी ठणठणीत?



मी दातांची डॉक्टर. पण आजची गोष्ट माझ्या अब्बांची आहे. तीस वर्षं बिड्या ओढल्या. चार दात हलून हलून पडले, तरी म्हणायचे, "माझ्या हिरडीतून कधी रक्ताचा थेंब आला नाही. वय झालं की दात पडतातच." आम्हीही तेच मानलं. कॉलेजात तिसऱ्या वर्षाला असताना मी पहिल्यांदा त्यांच्या हिरड्या मोजल्या.

हो, हिरड्या मोजतात. बारीक बोथट सळई असते, तिच्यावर मिलिमीटरच्या खुणा. तिला प्रोब म्हणतात. दात आणि हिरडी यांच्यामधल्या फटीत ती अगदी हलक्या हातानं सरकवायची, एका दाताभोवती सहा ठिकाणी. एक ते तीन मिलिमीटर आत गेली तर ठीक. काढल्यावर रक्त आलं तर तिथं सूज आहे असं धरायचं. अठ्ठावीस दात म्हणजे १६८ जागा. त्यातल्या दहा टक्के, म्हणजे सतराएक जागांवर रक्त दिसलं आणि फट खोल नसली, हाडही झिजलं नसलं, तर ती नुसती हिरडीची सूज. ती बरी होते. १९६५ साली डेन्मार्कमध्ये हॅराल्ड लो यांनी निरोगी हिरड्यांच्या बारा जणांना दात घासणं थांबवायला सांगितलं. तीन आठवड्यांच्या आत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. घासणं सुरू केलं, सूज उतरली.

फट खोल गेली आणि हाड झिजलं की मात्र तो पायरिया. झिजलेलं हाड सहसा परत भरून येत नाही. २०१८ पासून जगभर त्याचं वर्गीकरण दोन अंगांनी होतं: नुकसान किती झालं याचे चार टप्पे, आणि ते किती वेगानं वाढेल याच्या अ, ब, क श्रेणी. श्रेणी ठरवताना साखर आणि तंबाखू विचारतात. दिवसाला दहा किंवा जास्त सिगारेटी असतील तर थेट क. मधुमेह्याची तीन महिन्यांची सरासरी साखर सातच्या वर असेल तरीही क. म्हणून तुमच्या घरात कोणाला शुगर असेल तर त्यांच्या हिरड्यांचीही चौकशी करा. दोन्ही आजार एकमेकांना बळ देतात.

अब्बांच्या दाढांपाशी सळई सात मिलिमीटर आत गेली. तिसरा टप्पा, श्रेणी क. रक्त? जेमतेम दोन-तीन जागी. तंबाखूच्या धुरानं हिरडीतला रक्तप्रवाह मंदावतो, सूज झाकली जाते. ज्याला आम्ही तब्येत समजत होतो, ती बिडीची करामत होती.

मी आकडे कागदावर लिहून त्यांच्यापुढे ठेवले. ते बराच वेळ बघत राहिले. मग मुळापर्यंत सफाई झाली, बिडी सुटली. दीड महिन्यानं त्यांचा रागावून फोन: "बेटा, बिडी सोडली आणि आता रक्त येतंय! हे कसलं इलाज?"

मला हसूच आलं. म्हटलं, "अब्बा, हिरडी जागी झालीय. शुक्रवारी या, परत मोजू."