रक्ताची साक्ष आणि चाळीसचा आकडा

२००९ सालच्या ऑगस्ट महिन्यातील पुणे शहर ज्यांनी पाहिले आहे, त्यांच्या स्मरणातून ते दिवस सहसा जावयाचे नाहीत. त्या महिन्याच्या ३ तारखेस स्वाइन फ्लूने झालेला भारतातील पहिला मृत्यू पुण्यात नोंदला गेला. मृत्यू पावली ती चौदा वर्षांची शाळकरी मुलगी होती. शाळा बंद झाल्या, चित्रपटगृहांची दारे लागली, नाकातोंडावर पट्टी बांधल्यावाचून माणूस रस्त्यावर दिसेनासा झाला. पुढे साथ ओसरली, परंतु घरोघरी एक प्रश्न मागे राहिला. मुलाला जो ताप येऊन गेला तो हाच, की दरवर्षीचा साधा? आणि लस टोचविल्यानंतर दुसरा प्रश्न आला: ती लागू पडली किंवा नाही? या दोन्ही प्रश्नांचे उत्तर मुलाच्या रक्तात लिहिलेले असते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती खोटी नाही. तथापि रक्त हा असा साक्षीदार आहे की, विचारलेल्या प्रश्नापलीकडे तो एक अक्षर बोलत नाही.

शरीरात एखादा विषाणू शिरला, किंवा लशीच्या रूपाने त्याचे मृत अथवा दुर्बळ रूप टोचले गेले, म्हणजे शरीर त्याच्या विरुद्ध विशिष्ट द्रव्ये निर्माण करते. त्यांना प्रतिपिंडे म्हणतात. ती डोळ्यांनी दिसत नाहीत. मग ती मोजावयाची कशी? याची किल्ली १९४१ साली न्यूयॉर्क येथील रॉकफेलर प्रतिष्ठानाच्या प्रयोगशाळेत जॉर्ज हर्स्ट यांच्या हाती लागली. इन्फ्लुएंझाचा विषाणू कोंबडीच्या अंड्यातील गर्भात वाढवीत असता गर्भाची एखादी रक्तवाहिनी फाटली, तर सांडलेल्या रक्तातील तांबड्या पेशी एकमेकींस चिकटून त्यांच्या गुठळ्या बनतात, हे त्यांनी पाहिले. दुसरा एखादा माणूस भांडे धुऊन टाकून मोकळा झाला असता. हर्स्ट यांनी ओळखले की, पेशींना असे बांधणारा विषाणूच आहे. आणि रोग्याच्या रक्तरसात त्या विषाणूविरुद्ध प्रतिपिंडे असतील, तर ती विषाणूचे हात धरून ठेवतील व गुठळी होणार नाही.

हीच परीक्षा आजही चालते. प्लॅस्टिकच्या तबकडीत ९६ लहान खळगे असतात. मुलाच्या रक्तापासून निराळा केलेला रक्तरस प्रथम एका पाचकद्रव्याने शुद्ध करून घेतात, कारण रक्तरसात स्वभावतःच अशी काही द्रव्ये असतात की ती प्रतिपिंडांचे सोंग आणतात. (हे पाचकद्रव्य पटकीच्या जंतूंपासून मिळते. एका साथीचा वैरी दुसऱ्या साथीच्या तपासास असा उपयोगी पडावा, ही मौजच म्हणावयाची.) मग तो रक्तरस दहापट पातळ करून पहिल्या खळग्यात, वीसपट दुसऱ्यात, चाळीसपट तिसऱ्यात, असा दुपटीदुपटीने पुढे नेतात. प्रत्येक खळग्यात ठरीव प्रमाणात विषाणू आणि नंतर कोंबडीच्या किंवा टर्कीच्या तांबड्या पेशी घालतात. जेथे प्रतिपिंडे पुरेशी असतात, तेथे पेशी मुकाट्याने तळाशी जाऊन लाल बुंदकीप्रमाणे बसतात; जेथे ती अपुरी पडतात, तेथे पेशींचे जाळे खळगाभर पसरते. बुंदकी जेथपर्यंत टिकली त्या शेवटच्या खळग्याचा आकडा हा त्या मुलाचा टायटर होय.

ही मोजपट्टी इंचाची नव्हे, दुपटीची आहे. एका खळग्याचा फरक हातचुकीनेही पडू शकतो. म्हणून आधीच्या रक्ताच्या मानाने निदान चौपट वाढ दिसल्यावाचून शास्त्रज्ञ ती खरी मानीत नाहीत. सरासरीही नेहमीच्या रीतीने काढून चालत नाही. एका मुलाचा टायटर १० आणि दुसऱ्याचा १,००० असला, तर साधी सरासरी ५०५ येते व वाचणाऱ्यास वाटते की दोघेही सुरक्षित आहेत. भूमितीय सरासरी १०० येते, आणि तीच या मोजपट्टीला शोभते.

या परीक्षेचा मोठ्या प्रमाणावर आणि विचारपूर्वक केलेला उपयोग पाहावयाचा असेल, तर पुण्याहून इंग्लंडकडे वळावे लागते. तेथे इतर तपासण्यांसाठी घेतलेल्या रक्ताचे उरलेले नमुने जपून ठेवण्याची पद्धत आहे. एलिझाबेथ मिलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी साथीपूर्वीचे, २००८ सालचे, १,४०३ नमुने आणि पहिली लाट येऊन गेल्यावर ऑगस्ट व सप्टेंबर २००९ मध्ये घेतलेले १,९५४ नमुने तपासले. त्यांच्या तबकडीची पहिली पायरी ८ ची होती, म्हणून १०, २०, ४० ऐवजी ८, १६, ३२ असा क्रम लागे. ३२ म्हणजे तेथील तिसरी पायरी. साथीपूर्वी पाच वर्षांखालील मुलांत ३२ अथवा अधिक टायटर अवघ्या १.८ टक्के मुलांत होता, तर ऐंशी वर्षांवरील वृद्धांत तो ३१.३ टक्क्यांत आढळला. ज्यांचे बालपण १९१८ च्या विषाणूच्या वंशजांबरोबर गेले, त्यांच्या रक्ताला या नव्या पाहुण्याची ओळख होती. नातवंडांना ती नव्हती. लाटेनंतर लंडन व वेस्ट मिडलंड्स या भागांत हे प्रमाण पाच वर्षांखालील मुलांत २१.३ टक्क्यांनी आणि पाच ते चौदा वर्षांच्या मुलांत ४२ टक्क्यांनी वाढलेले दिसले. डॉक्टरांकडे आलेल्या रोग्यांवरून जो अंदाज बांधला होता, त्याच्या सुमारे दसपट मुले संसर्ग होऊन मोकळी झाली होती. घरच्यांनी ज्याला सर्दी म्हटले, ती पुष्कळ वेळा हीच होती.

हे अनुमान इतके स्वच्छ निघाले, त्याचे श्रेय तारखांना आहे. इंग्लंडमध्ये लस टोचण्यास ऑक्टोबर २००९ मध्ये आरंभ झाला आणि नमुने त्यापूर्वीचे होते. त्यानंतरच्या रक्तात प्रतिपिंडे आढळली असती, तर ती रोगाची की लशीची, हे त्या तबकडीने सांगितले नसते. तिच्या दृष्टीने दोघांचा चेहरा सारखाच.

लस घेतलेल्या मुलांचीही परीक्षा तेथेच झाली. सहा महिन्यांपासून तेरा वर्षांखालील ९४३ मुलांना दोन निरनिराळ्या लशींपैकी एकीचे दोन डोस दिले गेले. एकीत फोडलेला विषाणू व त्याच्या जोडीला शरीराला चेतविणारे तेलकट साहाय्यक द्रव्य होते. दुसरीत अख्खा मृत विषाणू. २०१० साली निकाल प्रसिद्ध झाला. विषाणूला पेशीत शिरू न देण्याची ताकद मोजणाऱ्या दुसऱ्या एका परीक्षेत तीन वर्षांखालील मुलांत पहिली लस ९८.२ टक्के व दुसरी ८०.१ टक्के मुलांत लागू पडलेली दिसली. मात्र पहिलीने ताप आणि दंडाची सूज अधिक आणली. त्याच साली ऑगस्टमध्ये स्वीडन व फिनलंड येथून निराळीच वार्ता आली. या साहाय्यक द्रव्याची लस घेतलेल्या काही मुलांना व तरुणांना दिवसा अनावर झोपेचा, नार्कोलेप्सीचा, विकार जडला होता. पुढे इंग्लंडमध्येही तोच संबंध आढळून आला. असा विकार क्वचित होणारा आहे, परंतु ज्या घरात झाला त्या घराला हे सांगून काय उपयोग? प्रतिपिंडांच्या कोष्टकात त्याची चाहूल लागण्याचा संभवच नव्हता. लशीने किती जोराने काम केले एवढेच ते कोष्टक सांगत होते.

आता चाळीसच्या आकड्याकडे. टायटर ४० असला की मूल सुरक्षित, असे अहवालांतून सर्रास लिहिले जाते. हा आकडा आला कोठून? १९७२ साली हॉब्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रौढ स्वयंसेवकांना बुद्धिपुरस्सर विषाणू देऊन पाहिले. ज्यांचा टायटर १८ ते ३६ च्या दरम्यान होता, त्यांच्यापैकी सुमारे निम्मे बचावले. त्यावरून ४० हा सोयीचा आकडा रूढ झाला. म्हणजे मुळात तो निम्म्या बचावाचा आकडा, आणि तोही मोठ्या माणसांचा! प्रौढाच्या देहात पूर्वीच्या अनेक तापांची आठवण साठलेली असते. ४० हा तिचा केवळ वरचा तरंग. दोन वर्षांच्या मुलाजवळ ती खोली कोठली? २०११ साली ब्लॅक व त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांचा हिशेब नव्याने मांडला, तेव्हा निम्म्या बचावासाठी ११० आणि ८० टक्के बचावासाठी ३३० टायटर लागतो असे दिसून आले. ४० वर हा बचाव केवळ २२ टक्के होता. हा हिशेब ऋतूगणिक येणाऱ्या फ्लूचा होता, २००९ च्या विषाणूचा नव्हे. तरीही ज्या मापाने मोठ्यांचा अंगरखा बेतला ते मुलांना लावू नये, एवढे त्यावरून सिद्ध झाले.

उलट बाजूही आहे. ज्या मुलाला प्रत्यक्ष रोग होऊन गेला, त्याच्या नाकाच्या अस्तरातही प्रतिपिंडे तयार होतात आणि रोगट पेशी ओळखून मारणाऱ्या पेशीही सज्ज होतात. त्यांपैकी काहीही तबकडीत उतरत नाही. दंडात टोचलेली मृत लस मुख्यतः रक्तातील प्रतिपिंडे वाढविते. म्हणून आजारातून उठलेल्या मुलाचे ४० आणि लस टोचलेल्या मुलाचे ४० हे एकाच भावाने विकता येत नाहीत. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने २०१० साली नाकात फवारावयाची जिवंत, दुर्बळ विषाणूची लस आणली. अशा जातीच्या लशी मुलांचे रक्षण करीत असतानाही त्यांच्या रक्तात टायटर फारसा चढत नाही. तबकडीवरच विसंबणारा परीक्षक त्यांना सहज नापास करील.

पुण्यातील राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने त्या साथीत शाळकरी मुलांचेही रक्त याच रीतीने तपासले. त्या वेळचा एखादा मुलगा आज तिशीकडे आलेला असेल. ऑगस्टमध्ये त्याला तीन दिवस ताप होता, पुढल्या वर्षी त्याच्या नाकात लस फवारली गेली, आणि त्यानंतर कोणी रक्त घेतले असते तर तिसऱ्या किंवा चौथ्या खळग्यात लाल बुंदकी दिसली असती. ती तापाची की लशीची, हे त्याच्या आईने तारखांसकट लिहून ठेवले असेल तरच सांगता येईल.