उदारमतवाद : जुना आणि नवा

‘उदारमतवाद’ हा शब्द तुम्ही पुष्कळदा ऐकला असेल. पण या एका नावाखाली दोन मते नांदतात, आणि त्यांचे आपसांत भांडणही आहे. ते कळायला इंग्लंडातल्या गिरण्यांकडे पाहावे लागते.

जुना उदारमतवादी म्हणे, सरकारने माझ्या वाटेत येऊ नये. तेवढे झाले की मी स्वतंत्र. त्याची तक्रार खोटी नव्हती. व्यापाराचे मक्ते, धान्यावरची जकात, धर्ममतावरून होणारी अडवणूक, ही सारी सरकारचीच करणी. १८४६ साली धान्याच्या आयातीवरील जकात उठवण्याचा कायदा झाला, तो याच मताच्या जोरावर. आणि त्यात गरिबाचेही हित होते.

पण पुढच्याच वर्षी काय झाले पाहा. कापडगिरण्यांतल्या बायका व पोरांना दिवसाला दहा तासांहून अधिक राबवू नये, असा कायदा आला. जकातीविरुद्ध झटलेला जॉन ब्राइट त्याला आडवा आला. तो स्वतः गिरणीवाला. तुम्ही म्हणाल, स्वार्थ! असेलही. पण त्याचे तत्त्वही हेच सांगत होते की, मालक-मजुरांच्या करारात सरकारने पडू नये.

आता विचार करा. ज्याची चूल रोजच्या मजुरीवर पेटते, तो मालकाला ‘नाही’ कसे म्हणणार? टी. एच. ग्रीन या ऑक्सफर्डच्या तत्त्वज्ञाने १८८१ साली लेस्टर येथील व्याख्यानात हाच मुद्दा धरला. त्याच्या मते, माणसाच्या अंगी काही चांगले करण्याचे सामर्थ्य येणे हे खरे स्वातंत्र्य. या नव्या मताच्या वाटेने इंग्लंडात १९०८ साली वृद्धांचे पेन्शन आणि १९११ साली राष्ट्रीय विम्याचा कायदा आला. उलट हर्बर्ट स्पेन्सरने १८८४ सालीच बजावले होते की, अशाने माणूस सरकारचा गुलाम होईल.

आपल्याकडेही हा पेच पडला. नामदार गोखल्यांनी १९११ साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे बिल मांडले. पुढल्या वर्षी ते नामंजूर झाले. उदारमतवादी, आणि सक्ती? होय. कारण निरक्षर राहिलेल्या मुलाला पुढे कोणती निवड उरते?

जुना विचारतो, सरकारच्या हाती इतका अधिकार दिलात तर त्याला आवरणार कोण? नवा विचारतो, नाही दिलात तर दुबळ्याला सोडवणार कोण? नवा कायदा पुढे आला की तुम्ही हे दोन्ही प्रश्न विचारा. त्यांतला एकच विचारून भागायचे नाही.