डाव ज्याच्या हाती



'परदेशातलं वास्तव्य, सेवाकार्य आणि त्यातल्या गमती' असा विषय संयोजकांनी सुचवला, तेव्हाच ओळखलं की यंदा उन्हाळा कडक आहे आणि तुम्हाला हसायला हवंय. किश्श्यांना पुण्यात तोटा नाही. आपला माणूस तिकडे कुणाकडे जेवायला जातो. यजमानीण विचारते, आणखी वाढू का? हा घरच्या वळणाप्रमाणे म्हणतो, नको. दोनदा आग्रह होईल, तिसऱ्यांदा घेऊ, असा त्याचा हिशेब. ती बाई शांतपणे भांडं उचलून आत नेते आणि हा रात्री खोलीवर चिवड्याचा डबा शोधतो. उलट तिकडची एखादी मुलगी इथल्या संस्थेत काम करायला येते, पोट खरोखर भरलं म्हणून नको म्हणते, आणि तिच्या पानात तिसरी पुरणपोळी पडते, वर तूप.

यावर आपण हसतो ते ठीकच. पण हे किस्से सांगतो कोण, तिकडे माझं लक्ष जातं. ज्याच्या हातात वाढायचा डाव, त्याची ती रीत. पाहुण्याची मात्र तऱ्हा. आज जी माणसं मी घेऊन आलो आहे, त्यांच्या बाबतीत हा डाव कुणाच्या हाती होता, एवढंच बघायचं आहे.

सुरुवात एका पत्रापासून. कोल्हापुरात पोस्टात नोकरी करणाऱ्या गोपाळराव जोशींनी अमेरिकन मिशनऱ्यांना लिहिलं, की बायकोला शिकवायचं आहे, अमेरिकेत मला काही काम मिळेल का? पत्र पोचलं प्रिन्स्टनला वाइल्डर नावाच्या गृहस्थांकडे. हे स्वतः कोल्हापुरात मिशनरी म्हणून राहून गेलेले. गोपाळरावांनी नोकरी मागितली होती. वाइल्डरसाहेबांना त्यात धर्मांतराची आशा दिसली. त्यांनी ते पत्र, आधी ख्रिस्ताला शरण या, अशा अर्थाच्या आपल्या उत्तरासह 'मिशनरी रिव्ह्यू'मध्ये छापून टाकलं. दोघंही आपापल्या जागी प्रामाणिक. काम तिथेच थांबायचं; पण १८८० साली न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटर बाई दंतवैद्याकडे पाळीची वाट बघत बसल्या होत्या आणि तिथे तो अंक पडलेला होता. दातांच्या दवाखान्यातले जुने अंक काय करू शकतात बघा. बाईंनी पत्र लिहिलं, मैत्री जमली, आणि १८८३ साली गोपाळरावांच्या पत्नी आनंदीबाई शिकायला कलकत्त्याहून बोटीत बसल्या.

निघण्यापूर्वी बंगालातल्या श्रीरामपूरला केलेल्या भाषणात त्यांनी सांगून टाकलं होतं, की हिंदू म्हणून जाणार आणि हिंदू म्हणूनच परतणार. विश्वास कुणी ठेवला? बोटीवरच्या मिशनरी बाईंनी वाटभर पिच्छा पुरवला आणि इकडच्या सनातन्यांनी त्यांना आधीच बाटवून टाकलं. एवढ्या एका बाबतीत मात्र दोन्ही खंडांचं एकमत होतं.

रोझेलला मात्र आनंदीबाईंनी एक गंमत केली. कार्पेंटर बाईंच्या मैत्रिणींना आपल्या पद्धतीचं जेवण दिलं. त्यांना आपली लुगडी नेसवली, आपले दागिने घातले, हाताने जेवायला लावलं. त्या दिवशी वाढणारी आनंदीबाई होती, आणि अवघडून बसायची पाळी अमेरिकेची.

पंडिता रमाबाईंच्या वाट्याला हे सुख इंग्लंडात आलं नाही. पुण्यात पंचहौद मिशनमधल्या वाँटेजच्या सिस्टर्सशी ओळख झाली, त्या आधारावर त्या १८८३ साली इंग्लंडला गेल्या. तिथे बाप्तिस्मा घेतला, म्हणजे मिशनच्या दृष्टीने प्रश्न मिटला. आणि मग जेवणाच्या टेबलावर पुडिंग आलं. पुडिंगात अंडं. रमाबाई खाईनात. देव बदलला तरी जीभ कशाला बदलायची, असा साधा मामला. पण वाँटेजच्याच सिस्टर जेराल्डीनना त्यात जातीचा ताठा दिसला. यावर दोघींची पत्रापत्री झाली. रमाबाईंची उत्तरं वाचा. बाई शांत आहे, आणि वाक्यावाक्याला टोचते. पुढे गळ्यातल्या क्रुसावरचा मजकूर लॅटिनमध्ये की संस्कृतात, यावरूनही झाली. लॅटिन ना रमाबाईंना येत, ना त्यांच्या देशबांधवांना. मग लॅटिन संस्कृतपेक्षा पवित्र कशी, असा त्यांचा सवाल होता. शिवाय चेल्टनहॅमला त्यांनी मुलग्यांना शिकवावं का, असा प्रश्न निघाला, तर मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी नकार कळवला: हिंदुस्थानात गैरसमज होईल म्हणे! ज्या बाईने कलकत्त्याच्या पंडितांसमोर शास्त्रार्थ केला, तिच्याबद्दल ही काळजी. आपल्याला आज हसू येतं. रमाबाई त्या घरात, त्या पैशांवर, लहान मुलीला घेऊन राहत होत्या. त्यांना हसणं परवडणारं नव्हतं.

तीच बाई १८८६ साली आनंदीबाईंच्या पदवीदानासाठी फिलाडेल्फियाला गेली आणि १८८९ साली तिने अमेरिकेवर मराठीत पुस्तक लिहिलं. त्यात बघा फरक. टोपीवर मेलेले पक्षी मिरवणाऱ्या तिथल्या बायकांना ती चांगलं फैलावर घेते. आता लेखणी तिची आणि वाचक तिचे, त्यामुळे विचित्र दिसायची पाळी त्या बायकांवर.

खरे सेवेला गेलेले म्हणाल तर सोलापूरचे डॉक्टर कोटणीस. १९३८ साली काँग्रेसने चीनला पाठवलेल्या पाच डॉक्टरांपैकी एक. माझ्या वाचनात त्यांच्याबद्दल विनोदी किस्से फार आले नाहीत. त्यांनी चिनी शिकून घेतली, सैन्याबरोबर राहिले, तिथल्याच परिचारिकेशी लग्न केलं. १९४२ साली, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी ते तिथेच गेले. पाहुणा पाहुणाच राहिला नाही, तर किस्से कुठून येणार?

उलट दिशेनेही माणसं येत होती. बाबा आमट्यांच्या आनंदवनात पन्नासच्या दशकात सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संस्थेचे परदेशी तरुण राबायला आले. कुष्ठरोग्यांनी पिकवलेली भाजी वरोऱ्याची मंडळी विकत घेत नव्हती. मग गावाने बघितलं, की हे गोरे तिथेच राहतात, तीच भाजी खातात आणि धडधाकट आहेत. भाजी खपू लागली. बाबा आमट्यांनी सांगून जे पटलं नाही ते पाहुण्यांच्या जेवणाने पटलं. हा किस्सा आपण कौतुकाने सांगतो. मला त्यात थोडी लाजही वाटते.

पण या विषयातला सर्वांत मोठा गोंधळ परदेशात झालाच नाही, तो इथे गुरुवार पेठेत झाला. आनंदीबाई १८८७ साली पुण्यात वारल्या. गोपाळराव मागे राहिले. मधल्या काळात अमेरिकेत गेल्यावरही या गृहस्थांनी व्याख्यानं देऊन अमेरिकनांचेच दोष त्यांना ऐकवले होते. आता पुण्याची पाळी होती. १८९० साली त्यांनी पुण्यातल्या प्रतिष्ठितांना पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाचं निमंत्रण धाडलं. रानडे आले, टिळक आले. व्याख्यान संपल्यावर चहा-बिस्किटं पुढे आली. मिशनच्या लेखी तो साधा पाहुणचार. पाहुण्यांच्या लेखी पेच: प्यावा तर धर्म जातो, न प्यावा तर सभ्यता. कुणी प्यायला, कुणी कप नुसता उचलून ठेवला. गोपाळराव बघत होते. काही दिवसांत नावं 'पुणे वैभव' या पत्रात छापून आली.

पुढे ग्रामण्य झालं, म्हणजे वाळीत टाकण्यापर्यंत वेळ आली. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, त्यांनी शास्त्र्यांचं कमिशन नेमलं, आणि एका कप चहाची चौकशी महिनोन्‌महिने चालली. टिळकांनी काशीला आपण प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं. कायदा शिकलेला माणूस, कागद तयार. रानड्यांनी बराच काळ दाद दिली नाही. स्नेह्यांच्या घरी लग्नकार्यं अडू लागली, लेकीबाळींना माहेर तुटलं, तेव्हा त्यांनी १८९२ साली प्रायश्चित्त घेतलं आणि सुधारक मित्रांचे बोल खाल्ले. या शहरात १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू करणारे ते हेच रानडे. गोपाळरावांचं मात्र काही बिघडलं नाही. बिघडण्यासारखं त्यांच्याजवळ काही उरलंही नव्हतं.

व्याख्यानानंतर चहा ठेवला आहे, असं संयोजक मघाशी कानात सांगून गेले. घ्या अवश्य. दाराशी कुणी वही घेऊन उभं नाही ना, तेवढं बघून घ्या.