मेंदूभोवतीचे पाणी



तापाने फणफणलेल्या मुलाची मान ताठ होते, ते ग्लानीत जाते आणि डॉक्टर कमरेतील पाणी तपासावयास सांगतात. पुष्कळ पालक येथेच अडतात. काहीजण मूल उचलून घरी नेतात. पाणी काढले की मूल पांगळे होते, हा समज आपल्याकडे खोल रुजला आहे. म्हणून आज या पाण्याविषयीच बोलावयाचे योजिले आहे.

प्रौढ माणसाचा मेंदू सुमारे १,४०० ग्रॅम वजनाचा आणि अतिशय मऊ असतो. कवटीत तो नुसता ठेवला असता, तर स्वतःच्याच भाराने चेपला गेला असता. परंतु तो मस्तिष्क-मेरुद्रवात तरंगतो, आणि त्यामुळे त्याचा भार जेमतेम ५० ग्रॅमइतका उरतो. हा द्रव एका वेळी सुमारे १५० मिलिलिटर असतो. मात्र मेंदूतील पोकळ्यांत दिवसाकाठी सुमारे ५०० मिलिलिटर नव्याने स्रवतो. तपासणीसाठी काढतात ते थोडे थेंब काही तासांतच भरून निघतात. सुई टोचतात तीही मज्जारज्जू संपतो त्याच्या खाली. मागाहून एकदोन दिवस डोके दुखू शकते, हे मात्र खरे.

मेंदूचा दुसरा पहारा रक्तवाहिन्यांच्या भिंतीत आहे. १८८५ साली पॉल एर्लिख यांनी प्राण्यांच्या रक्तात रंग सोडले. सारे अवयव रंगले, मेंदू तेवढा कोरा राहिला. मेंदूला रंगच चढत नसावा, असे त्यांना वाटले. त्यांचे शिष्य गोल्डमान यांनी १९१३ मध्ये रंग थेट मेरुद्रवात घातला. आता मेंदू रंगला, बाकीचे शरीर कोरे! म्हणजे मध्ये कोठेतरी दार होते. येथील केशवाहिन्यांच्या पेशी फटीविना सांधलेल्या असतात, हे १९६७ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दाखविले. प्राणवायू आत जातो, साखरेला खास वाट असते. बहुतेक परक्या द्रव्यांना मज्जाव.

हा पहारेकरी औषधांनाही अडवितो. क्षयाच्या मेंदूज्वरात स्ट्रेप्टोमायसिन पुरेसे आत पोचत नसे, म्हणून ते पाठीतून मेरुद्रवात टोचावे लागे. १९५२ नंतर वापरात आलेले आयसोनियाझिड आपणहून आत जाते. मुलांना जन्मतः देतात ती बी.सी.जी. लस याच आजारापासून विशेषेकरून रक्षण करते.

जंतू एकदा आत शिरले, की कोणते औषध द्यावे हे त्या थेंबांवरूनच कळते. निरोगी द्रव पाण्यासारखा नितळ असतो. तो गढूळ दिसला, तर डॉक्टर प्रयोगशाळेच्या अहवालाचीही वाट पाहत नाहीत. उपचार त्याच घटकेला सुरू होतात.